यंदा तेल दुसरं

2024 च्या जानेवारीचा पहिला आठवडा. 6 तारखेला तीन राजांचा सण. त्या दिवशी इथे, स्पेनमधल्या उबेदा गावात, मुलांना भेटी मिळतात, आणि त्यासाठी शेजारच्या आजींची नातवंडं माद्रिदहून यायची होती. नातवंडं येणार म्हणजे घरात मागदालेना, कागदी वाटीत भाजलेले इथले छोटे गोड केक, हव्यातच. मी गेले तेव्हा ओट्यावर कागदी वाट्या मांडून झाल्या होत्या, मातीच्या पसरट भांड्यात अंडी फोडलेली होती आणि आजी लिंबू किसत होत्या. किसून झाल्यावर त्यांनी ओट्याखालचं कपाट उघडलं. एरवी तिथून पाच लिटरचा कॅन निघतो, सहकारी गिरणीतल्या ऑलिव्हच्या तेलाचा, हिरवट, दाट. या वेळी निघाली एक लिटरची बाटली. आतलं तेल फिकट, पातळ, वास अजिबात नाही. मी बाटलीकडे बघितलं आणि मी बघते आहे हे त्यांनी बघितलं. "यंदा सूर्यफुलाचं," त्या म्हणाल्या. मग घरात आम्हा दोघींशिवाय कुणीही नसताना आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस, इहा." इहा म्हणजे मुली, इथल्या सगळ्याच म्हाताऱ्या बायका मला असंच हाक मारतात.

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

कारण त्यात लपवण्यासारखं काय होतं, हेच मला कळत नव्हतं. आमच्या सांगलीच्या घरी शेंगतेल परवडेनासं झालं तेव्हा आधी सोयाबीन आलं, मग सूर्यफूल आलं, आणि आई ते किराणा दुकानात चारचौघींत बोलायची. महागाईची लाज वाटायची नाही, उलट तो गप्पांचा विषय होता. इथे उबेदात तर सगळ्या गावालाच कारण ठाऊक होतं. 2022 च्या मे महिन्यात ऑलिव्हला फुलोरा आला आणि नेमकी तेव्हाच उन्हाची लाट आली, मोहोर करपला. पुढे पाऊस नाही. आदल्या हंगामात सगळ्या स्पेनमध्ये 14 लाख 90 हजार टनांच्या आसपास तेल निघालं होतं, ते त्या हंगामात साडेसहा लाख टनांच्या थोडं वर येऊन थांबलं. 2023 मध्ये एप्रिलमध्येच उन्हाळा सुरू झाला. 2020 साली गिरणीच्या दारात किलोला 2 युरोच्या आसपास मिळणारं तेल 2024 च्या सुरुवातीला 9 युरोंना जाऊन भिडलं. सुपरमार्केटमध्ये तेलाच्या बाटल्यांच्या गळ्यात चोरी पकडणारे अलार्म अडकवलेले मी स्वतः बघितले आहेत. आणि हे कुठे, तर आमच्या या हाएन प्रांतात. गावाच्या जुन्या तटावर उभं राहिलं की ग्वादाल्किविरच्या खोऱ्यापासून समोरच्या सिएर्रा मागिनाच्या डोंगरापर्यंत ऑलिव्हशिवाय दुसरं झाड दिसत नाही. प्रांतात सहा कोटींहून जास्त ऑलिव्ह आहेत असं इथे शाळकरी मुलंसुद्धा सांगतात. त्या सहा कोटी झाडांमधली चाळीसेक झाडं आजींची. यजमानांच्या बाजूने आलेली. फळं सहकारी गिरणीत घालायची आणि घरापुरतं तेल घ्यायचं, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या साली झाडांवर घालण्याजोगं काही धरलंच नव्हतं.

मी या तेलाशी जन्मापासून जोडलेली वगैरे नाही. माझ्या लहानपणी ऑलिव्ह ऑइल औषधाच्या दुकानात मिळायचं, छोट्या डब्यात, आणि ते बाळाच्या मालिशसाठी असायचं. चुलतबहिणीच्या बाळंतपणात तो डबा घरात आला होता. शेक, वेखंड, धुरी आणि तो वास, अशी बाळंतिणीच्या खोलीची एक गाठ माझ्या नाकात बसली आहे. खाण्याच्या तेलात त्याची गणती नव्हती. आणि गोड पदार्थ तर तुपातलाच. तेल गोडात शिरायचं ते मोहन म्हणून शंकरपाळ्यात, किंवा तेलपोळीला लाटताना हाताला आणि पोळपाटाला, तेही नाव न घेता. त्यामुळे इथे आल्यावर आजींनी पहिल्यांदा बशीत मागदालेना ठेवली, तिचा कागद सोलला आणि त्या वासाबरोबर मला बाळंतिणीची खोली आठवली, तेव्हा खावी की नाही असं क्षणभर झालं. वरच्या टोकाला साखरेचा कुरकुरीत थर, आत पिवळा, ओलसर, मोठ्या जाळीचा गाभा. लिंबाचा वास आधी, मग अंड्याचा, मग तेलाचा. घास गिळल्यावर घशाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक चुरचुर. इथल्या पिकुआल जातीच्या ऑलिव्हचा हा स्वभावच आहे. कडसर आणि तिखट. गिरणीतले चाखणारे लोक ताज्या तेलाचा घोट घेऊन खोकतात आणि खोकला आला म्हणून खूश होतात. ज्या गोडात कडूपणाला जागा आहे असं गोड मी त्याआधी खाल्लं नव्हतं. दुसरी मागदालेना मी न विचारता उचलली, आणि आजींनी कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. ही बुडवून खायची असते.

करायची रीत अशी. एक डझन अंडी, अर्धा किलो साखर, अर्धा लिटर तेल, पाव लिटर दूध, दोन लिंबांची किसलेली साल. पीठ किती, असं विचारलं तर आजी म्हणतात, घेईल तेवढं. ते किलोच्या थोडं आत येतं, पण वजन केलेलं त्यांना आवडत नाही. सोड्यासाठी दोन रंगांच्या कागदी पुड्या मिळतात, एकीत खायचा सोडा आणि दुसरीत आम्ल. दोन्ही पिठात पडल्या की लगेच बुडबुडे येतात. पूर्वी याच पुड्या पाण्यात घालून घरचा सोडा करायचे. अंडी आणि साखर फेटायची ती इतकी की रंग फिकट होऊन मिश्रण दुपटीने फुगेल. मग तेल. इथे घाई चालत नाही. बारीक धार धरायची आणि दुसरा हात फिरता ठेवायचा. अंड्याच्या पिवळ्यातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतं, पण त्याला तेल थोडं थोडं मिळालं पाहिजे. एकदम ओतलं तर तेल वेगळं होऊन वर तरंगतं. तेल नवीन हंगामाचं, फारच कडक असलं तर आजी आधी ते तापवतात, त्यात लिंबाची साल टाकतात, साल काळी पडली की काढून टाकतात आणि तेल पूर्ण गार होऊ देतात. त्यांच्या आईच्या वेळी तर असं केल्याशिवाय तेल गोडात घालायचेच नाहीत, तेव्हाचं तेल फार उग्र असायचं. पीठ कालवलं की भांडं झाकून थंड जागी ठेवायचं, निदान तासभर, जमलं तर रात्रभर.

या थांबण्यात सगळी मेख आहे. मागदालेनेला डोकं आलं पाहिजे. डोकं म्हणजे वरचा तो घुमट, मधोमध उकललेला. ते आलं नाही तर चव कितीही चांगली असो, बाई हिरमुसते. पीठ मुरलं की ते दाट होतं, आणि गार पीठ कडक तापलेल्या भट्टीत गेलं की कडा आधी शिजून बसतात, मध्यभाग मागे राहतो. मग आतली वाफ आणि हवा उरलेल्या एकाच वाटेने, मधून वर येते. म्हणून ओव्हन आधी 250 अंशांवर तापवायचा आणि तबक आत सारल्यावर 220 च्या आसपास आणायचा. वाट्या पाऊणच भरायच्या. वर साखरेची चिमूट, ओल्या पिठावर, म्हणजे ती चिकटून राहते. पंधरा मिनिटांत काम होतं, पण त्यातली पहिली दहा मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. आजी तेवढा वेळ ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसतात. टीव्ही चालू असतो, पण बघत त्या काचेकडे असतात.

भारतातून फोन करणारे मला हमखास विचारतात की एवढं महागाचं तेल भट्टीत घालून वाया नाही का जात? ओव्हन 220 वर असला तरी मागदालेनेचा गाभा शंभर अंशांच्याही वर जात नाही, आत पाणी आहे तोवर जाऊच शकत नाही. तेल जळत नाही. थोडी उग्रता जाते, बाकीचं राहतं. आणि लोणी गार झालं की थिजतं, हे तेल घरातल्या उबेला पातळच राहतं, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीही मागदालेना मऊ असते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, एवढंच. दुकानातल्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत काहीही असो, मागे बारीक अक्षरांत बहुतेक वेळा सूर्यफुलाचं तेल असतं. ती पाकिटं वाईट नाहीत. मुलांच्या दप्तरात जातात, कॉफीबरोबर चालतात. पण त्यांना स्वतःचा वास नाही, आणि मला वाटतं की ज्या पदार्थाचं सगळं सौंदर्य तीन-चार वासांच्या क्रमात आहे त्यातला शेवटचाच वास काढून घेतला तर उरतो तो साधा गोड पाव.

आजींच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. गल्लीच्या टोकाला पावाची भट्टी होती. पहाटेचे पाव निघाले की तापलेली भट्टी बायकांच्या ताब्यात यायची, नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आठवड्यात तर रात्रीसुद्धा. घरून पीठ कालवून भांडं डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन जायचं, पत्र्याची तबकं भट्टीवाल्याची, कागदाच्या चौकोनी वाट्या पोरींनी घरी दुमडलेल्या. जळण ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्यांचं. त्या हे सांगत होत्या आणि मी सांगलीत पोचले होते. दिवाळीच्या आधी आई आणि काकू मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा आणि वेलदोड्याची पूड घेऊन बेकरीत जायच्या, नानकटाई भाजून आणायला. आम्ही पोरं रिकामे डबे घेऊन मागे. आत फरशीवर बसून बायका गोळे वळायच्या, पत्र्यांवर ओळीने मांडायच्या, आणि आपला पत्रा ओळखू यावा म्हणून नावाची चिठ्ठी लावायच्या. बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सारायचे. भट्टीच्या तोंडाशी चेहरा तापायचा आणि पाठ गार राहायची. भाजणावळ किलोवर. बाहेर आलेल्या पत्र्यावर बायकांचे डोळे आधी दुसरीच्या नानकटाईवर जायचे. तडा बरा गेलाय का, रंग किती आलाय, तूप आहे की डालडा, हे नुसत्या वासावर ओळखायच्या. तुपाची नानकटाई करणारी बाई जरा मोठ्याने बोलायची. आजी हसल्या. त्यांच्या भट्टीतही हेच होतं. कुणाच्या पिठात तेल किती पडलंय हे तबक बाहेर आलं की सगळ्यांना कळायचं.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. यादवी युद्ध संपलं 1939 मध्ये, आणि त्यानंतरची वर्षं इथे भुकेची वर्षं म्हणून ओळखली जातात. पाव, साखर, तेल, सगळं रेशनच्या कार्डावर, ते कार्ड 1952 पर्यंत राहिलं. आजींचे वडील मजूर. ऑलिव्ह झोडायला जायचे, झाडं दुसऱ्याची. हिवाळ्यात पहाटे निघून अंधार पडताना परत यायचे, आणि घरात दिव्याला तेल असलं तर भाकरीला नसायचं. तोड संपल्यावर बायका-पोरं शेतात मागे राहिलेली फळं वेचायला जायची. परवानगी नसताना सापडलं तर पोतं जायचं. "मी आठ-नऊ वर्षांची असेन," आजी म्हणाल्या. "आई मला म्हणायची, पोतं तू धर, लहान पोरीला ते मारत नाहीत." वेचलेल्या फळांच्या बदल्यात मिळालेलं तेल गादीखाली लपवायचे. त्या घरात ईस्टरला मागदालेना झाल्या नाहीत अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी झाल्या, त्या तेल पुरेना म्हणून चरबी घालून. भट्टीत तबक बाहेर आलं तेव्हा वासावरून सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. आजींच्या आईने तबक फडक्याने झाकलं आणि ती मागच्या दाराने निघाली.

मला वाटलं होतं की आजी महागाईला लाजत होत्या. महागाईचा त्यात संबंधच नव्हता. चाळीस झाडं नावावर असलेल्या बाईच्या कपाटातून दुसऱ्या तेलाची बाटली निघाली होती, आणि ज्या मुलीने पोतं धरलं होतं तिला ते नव्वदीला टेकल्यावरही चालत नव्हतं. त्या दिवशी माद्रिदच्या नातवंडांनी मागदालेना आवडीने खाल्ल्या. मुलांना फरक कळला नाही. सूनबाईंना कळला असावा, कारण त्यांनी एक खाऊन दुसरी हातात घेतली, क्षणभर वास घेतला आणि मग आजींकडे न बघता कॉफीत बुडवली. मला त्या क्षणी त्या बाईबद्दल फार माया वाटली.

पुढे त्या वर्षी पाऊस बरा झाला. सरकारने 2024 च्या जुलैपासून ऑलिव्हच्या तेलावरचा कर काही काळ शून्यावर आणला होता, पण बायका बोलत होत्या त्या आभाळाबद्दल. ऑक्टोबरच्या अखेरीपासून रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागले आणि गावात तो वास पसरला. गिरण्यांमधून निघणाऱ्या चोथ्याचा हा वास, गवतासारखा हिरवा आणि आंबूस, कपड्यांत आणि केसांत बसणारा. पाहुण्यांना तो सोसत नाही, गावाला तो आला की बरं वाटतं. आजींचा मुलगा आला होता, त्याच्याबरोबर मी झाडांवर गेले. खाली जाळ्या अंथरलेल्या, खोडाला यंत्राचा चिमटा लावून झाड हलवायचं, उरलेली फळं लांब काठ्यांनी झोडायची. बोटं जांभळी होतात आणि तेलकटही. गिरणीत एका टेबलावर निळ्या काचेचे छोटे पेले होते. तेल चाखताना रंग दिसू नये म्हणून निळी काच, रंगाने जिभेला फसवू नये म्हणून. पेला तळहातात धरून ऊब द्यायची, वरून दुसरा हात झाकायचा, मग नाक घालायचं. हिरवा टोमॅटो, त्याच्या पानांचा वास, कुठेतरी कच्चं केळ. मी घोट घेतला आणि खोकले. गिरणीतला माणूस खूश झाला.

कॅन परत ओट्याखाली आला त्या आठवड्यात आजींनी उबेदाचे ओचियोही केले, वर तिखटाची लाल पूड आणि जाड मीठ लावलेले तेलाच्या पिठाचे पाव, आणि दुसऱ्या दिवशी मागदालेना. या वेळी तेलाची धार मी धरली आणि फेटणं त्यांनी केलं. खिडकी उघडी ठेवली होती, थंडी असूनही. जिन्यातून वर जाणाऱ्या दोघी-तिघी शेजारणी दार ढकलून आत आल्या आणि उभ्याउभ्या एकेक खाऊन गेल्या. त्यांच्याशी बोलताना आजींचा आवाज चांगलाच चढलेला होता.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत असते. तिला रीत पाठवली, तर पहिला प्रश्न आला की सांगलीत हे तेल आणायचं कुठून. दुकानात बाटली मिळते, पण तिच्या मते त्या भावात घरचं महिन्याचं तेल येतं आणि एवढं करून ते परक्याचंच. मग तिने परस्पर ठरवलं आणि लाकडी घाण्याचं शेंगतेल घातलं. लिंबाची साल ठेवली, वेलदोडा घातला नाही, हे मला विशेष वाटलं. डोकी आली. मागच्या गल्लीतल्या काकूंना दिल्या, त्यांनी विचारलं शेंगदाण्याचा वास कसला येतोय, तेव्हा आईने घाण्याचं नाव सांगितलं, पत्त्यासकट. मी हे आजींना सांगितलं, जरा भीतभीतच, कारण सूर्यफुलाची बाटली मला आठवत होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शेंगदाणा तिथल्याच शेतात होतो का, विचारलं. होतो म्हटलं. घाणा बैलाचा का, विचारलं. आता विजेवर चालतो म्हटलं. ते तेल घशाला लागतं का, विचारलं. नाही, गोडसर असतं, म्हटलं.

"मग तिला सांग, साखर पन्नास ग्रॅम कमी घालायची," आजी म्हणाल्या, "आणि वाट्या पाऊणच भरायच्या. तू पाठवलेल्या फोटोत काठोकाठ भरलेल्या दिसतात."